वीस तारखेला हात रिकामा का होतो?

‘ताई, मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. भुतरामहट्टीला विद्यापीठात एम.एस्सी. गणित करते, दुसऱ्या सेमची परीक्षा तोंडावर आलीय. बेळगावात वडगावला आम्ही तिघींनी मिळून खोली घेतली आहे. दादा गोव्यात कामाला आहे, तो दर महिन्याला दहा तारखेला ६,००० रुपये पाठवतो. भाड्याचा माझा वाटा १,७००, दोन वेळची मेस २,६००, रिचार्ज ३००, साबण-तेल-सटरफटर ५००, चहापाणी ३००. बस फुकट आहे. हिशेबाने ६०० उरायला हवेत, पण वीस तारीख आली की पर्स रिकामी. दहा महिन्यांत मैत्रिणीचे २,००० देणं झालं, मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवरून ३,००० उचलले. या महिन्यापासून मेस एक वेळची केली, रात्री चहा-बिस्किटावर काढते. घरी यातलं काही सांगितलेलं नाही. खडेबाजारात कापडाच्या दुकानात दुपारी दोन ते रात्री आठ काम मिळतंय, ७,००० देतो म्हणतात. घेऊ का? की एम.एस्सी. सोडून पूर्ण वेळच नोकरी धरू? माझ्याच हातात पैसा टिकत नाही असं वाटायला लागलंय.’

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले. तू लिहिलेले आकडे एका बाजूला मांडले, आणि दुसऱ्या बाजूला तू न लिहिलेले. तुझ्या यादीत परीक्षेची फी नाही. दोन सेमच्या मिळून ४,००० धर. झेरॉक्स, एखादं पुस्तक, प्रोजेक्टचं बाइंडिंग, वर्षाचे ३,६००. कपडे आणि चप्पल २,४००. दवाखाना आणि चष्मा २,०००. सणाला, कुणाच्या लग्नाला गावी जाताना हातात काहीतरी न्यावं लागतं, त्याचे ९००. आणि एक रिचार्ज ३०० चं. तो कुठून आला म्हणशील, तर मोबाईलवाल्यांचा महिना २८ दिवसांचा असतो, वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. सगळं मिळून १३,२००. बारा महिन्यांवर वाटलं तर महिन्याला १,१००.

तुझा ठरलेला खर्च ५,४००, त्यात हे १,१०० घातले की झाले ६,५००. येतात ६,०००. महिन्याला ५०० ची तूट. दहा महिन्यांत ५,०००. आता तुझं देणं मोज. मैत्रिणीचे २,०००, अ‍ॅपचे ३,०००.

बघितलंस? पै न पै जुळली. तू काहीही उधळलेलं नाहीस. जे पैसे हातात टिकले नाहीत असं तुला वाटतं, ते परीक्षेच्या फीत आणि झेरॉक्सच्या दुकानात गेले. तुझ्या यादीतून सुटलेले हे खर्च दर महिन्याला थोडे थोडे येत नाहीत. एखाद्या महिन्यात काहीच नसतं, एखाद्या महिन्यात फी आणि चष्मा एकदम अंगावर येतात, आणि त्या महिन्यात आपलंच काहीतरी चुकलं असं माणसाला वाटतं. एवढे महिने तू स्वतःला बोल लावत होतीस, त्याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्या घरात कणगी असेल. जांबोटीकडे पाऊस कसा कोसळतो ते तुला मी सांगायला नको. आगोटीला आई काय करते, आठव. मृग लागायच्या आत सरपण आत येतं, मिरची-मसाला कुटून होतो, पापड, सांडगे डब्यात जातात, आणि कणगीतल्या भाताकडे बघून ती मनाशी ठरवते की पुढच्या सुगीपर्यंत हे पुरवायचं आहे. त्यातलं बियाण्याचं आधी बाजूला काढलेलं असतं. घरात कितीही ओढ झाली तरी त्याला कुणी हात लावत नाही. कुठल्या महिन्यात काय लागणार हे तिला आधीच ठाऊक असतं, म्हणून श्रावणात पाहुणे आले तरी ती गडबडत नाही. बेगमी म्हणतो आपण त्याला. तू गणितात एम.एस्सी. करतेस, पण खोलीवर आल्यावर आईचं हे गणित सोडून दिलंस आणि पैसे आल्या तारखेपासून मोजायला लागलीस. तुझंही वर्ष आहे, तुझ्याही वर्षात आगोट येते. ती परीक्षा फॉर्म भरायच्या आठवड्यात येते, इतकंच.

म्हणून आजच एका कागदावर पुढचे बारा महिने लिही. कुठल्या महिन्यात फी, कुठल्यात प्रोजेक्ट, कुठल्यात गणपती. मग दादाचे पैसे आले की त्यातले १,१०० पहिल्यांदा उचलून दुसऱ्या खात्यात टाक. पोस्टातलं बचत खातं चालेल, ५०० रुपयांत उघडतं. त्या खात्याला मोबाईलवरून पैसे देण्याचं कुठलंही अ‍ॅप जोडू नकोस. पैसे काढायला पोस्टापर्यंत चालत जावं लागलं पाहिजे. ते तुझं बियाण्याचं भात. आणि दादाला विचार, दहाऐवजी पगार झाल्या झाल्या पाठवता येईल का. भाडं पाच तारखेला द्यायचं असेल आणि पैसे दहाला येत असतील, तर त्या पाच दिवसांच्या फटीतही उधारी होते.

आता जेवणाचं. यावर मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

मी स्वतः नंदगडकडून बेळगावात शिकायला आले होते. शहापुरात खोली होती. शेवटच्या वर्षी पैसे कमी पडायला लागले तसं मीही रात्रीचं जेवण सोडलं. कुणाला कळत नाही आणि लगेच पैसे वाचतात, म्हणून हाच खर्च आपण आधी छाटतो. दीड महिना मला वाटत होतं की जमतंय. मग एका पेपरला तिसरा प्रश्न सोडवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पर्यवेक्षक बाईंनी बाहेर नेऊन साखरपाणी दिलं. त्या पेपरात मी नापास झाले. तो पुन्हा द्यायला जो खर्च आला, तो दीड महिन्याच्या रात्रीच्या जेवणापेक्षा जास्त होता. शरीराचं नुकसान वेगळंच, ते अजून निस्तरते आहे.

मेस एक वेळची केलीस ते राहू दे, पण रात्री चूल पेटली पाहिजे. तिघी आहात. दुपारची मेस १,५०० धरू. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला कनेक्शनची कटकट नाही. घरमालकांना मात्र आधी विचारा. तांदूळ तिघींच्या घरून येईल. बेळगावात राहतेस तर मसूर खा. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, आणि बेळगावची मसूर म्हणून लोक लांबून मागवतात. संध्याकाळी विद्यापीठातून आलीस की वाटीभर मसूर भिजत घाल. तासाभराने कुकरला लाव. वर कांदा, लसूण, घरचं तिखट, एखादं आमसूल. खाली भात, वर तो डबा, दोन्ही एकाच आचेवर होतात. आठवड्यातून दोनदा अंडी. रताळ्याच्या दिवसांत बाजारात रताळी स्वस्त होतात, ती नुसती उकडून खाल्ली तरी पोटाला आधार. पाळी लावा, तिसऱ्या दिवशी एकीचा नंबर. गॅस धरून एकीला महिन्याला ५५० च्या आसपास पडेल. म्हणजे १,५०० आणि ५५०, झाले २,०५०. दोन वेळच्या मेसपेक्षा ५५० कमी, आणि तुझी तूट होती ५००. पोटाला चिमटा न घेता तूट भरून निघाली.

मेसवाल्या काकूंकडे खाड्यांचंही बोलून ठेव. सलग दोन-तीन दिवस गावी जाणार असलीस आणि आदल्या दिवशी सांगितलंस, तर बहुतेक ठिकाणी तेवढे पैसे वजा करतात. न सांगता गेलीस तर कुणीच करत नाही.

आता राहिलं ते फक्त जुनं देणं. त्यात आधी अ‍ॅप. मैत्रीण थांबेल, अ‍ॅप थांबणार नाही. त्याच्या कर्जाची कागदपत्रं उघड आणि पैसे नेमके कुठल्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने दिलेत ते नाव शोध. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे अशा अ‍ॅपना तुझ्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी बघता येत नाही. तशी परवानगी तू दिली असशील तर आजच सेटिंगमध्ये जाऊन काढून टाक. कुणी धमकीचे फोन केले, घरच्यांना फोन लावतो म्हणालं, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला कळव, घाबरून दुसऱ्या अ‍ॅपवरून पैसे काढून पहिल्याचे फेडू नकोस. या एका गोष्टीची मला तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त भीती वाटते.

ते ३,००० आईच्या बचत गटातून मिळतात का बघ. गटाने स्वतः साठवलेल्या पैशांतून अंतर्गत कर्ज मिळतं, व्याज गटातच राहतं आणि फेडायला मुदत असते. मात्र दर आठवड्याला वसुलीला दारात येणाऱ्या फायनान्सकडून आईला तुझ्यासाठी उचल घ्यायला लावू नकोस. त्या वसुलीचा जाच इतका झाला की कर्नाटक सरकारला २०२५ साली त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी त्यात काय काय सोसलंय ते तुझ्या गावातही कुणीतरी सांगेल.

म्हणजे घरी सांगावं लागणार. हो, सांगावंच लागेल. मी सांगितलं नव्हतं. माझी उधारी बाबांना बाजाराच्या दिवशी तिसऱ्याच माणसाकडून कळली. पैशांबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. ‘मला का नाही सांगितलंस,’ एवढंच विचारलं आणि जेवायला बसले. ते जेवण मला आजही आठवतं. तू जाशील तेव्हा रडत सांगू नकोस. वर केलेला हिशेब कागदावर मांडून ने. दहा महिने, महिन्याला पाचशे, हे देणं, हा फेडायचा मार्ग. शेतकऱ्याच्या घरात तूट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

दुकानातल्या नोकरीचं बोलू. दोन ते आठ उभं राहून काम, त्याआधी भुतरामहट्टीला जाऊन येणं. दुपारचे तास बुडणार हे तुला दिसतंय, म्हणूनच तू मला विचारलंस. ७५ टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. समज, सहा महिने काम केलंस, ४२,००० मिळाले, आणि एक सेम गेलं. म्हणजे आणखी सहा महिने बेळगावात राहणं आलं. ६,५०० प्रमाणे त्याचे ३९,०००. हातात राहिले ३,००० आणि वर्षाचा अर्धा भाग गेला. सेम चालू असताना ही नोकरी घेऊ नकोस. परीक्षा संपल्यावर सुटीत घे, किंवा दिवाळीच्या आधी दुकानांत जादा माणसं लागतात तेव्हा सुटीच्या दिवसांपुरती विचार.

त्यापेक्षा तुझ्या हातात एक गोष्ट आहे आणि तिची किंमत तुला कळलेली नाही. तू मराठीतून शिकलीस आणि आता गणितात एम.एस्सी. करतेस. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या शाळांतून दहावीला बसणारी मुलं आहेत. त्यांचं एसएसएलसीचं गणिताचं पुस्तक मराठीत असतं, आणि मराठीतून समजावून सांगणारं उच्च शिकलेलं माणूस गल्लीत सापडत नाही. पुढे पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला गेली की एकदम इंग्रजी समोर येतं आणि हुशार मुलंही तिथे बुजतात. ‘त्रिकोणमिती’चं ‘ट्रिग्नॉमेट्री’ होताना तुला काय झालं होतं आठव. तोच पूल तू त्यांना बांधून देऊ शकतेस. संध्याकाळी एक तास, तीन मुलं, प्रत्येकी ५०० घेतलेस तरी १,५००. त्यातले ५०० गटाला, ५०० मैत्रिणीला, आणि ५०० तुला, दुधाला आणि फळाला. मैत्रिणीचे चार महिन्यांत फिटतील, गटाचं मुद्दल सहा महिन्यांत. शाळेतल्या गणिताच्या सरांना जाऊन भेट, मुलं तेच सुचवतील. चौथं-पाचवं मूल घेण्याचा मोह मात्र परीक्षेच्या आधी आवर.

सरकारी मदतीबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. सीमाभागातल्या पुष्कळ मुलांचं जे होतं ते तुझं झालं असेल असा माझा अंदाज आहे. आपण मराठी बातम्या बघतो, मराठी व्हिडिओ बघतो, त्यात महाडीबीटी आणि महाराष्ट्राच्या योजना समजावून सांगतात. तू कर्नाटकात राहतेस, कर्नाटकात शिकतेस, त्या तुला लागू नाहीत. मग आपल्याला काहीच नाही असं समजून मुलं गप्प बसतात. तुझं पोर्टल एसएसपी, कर्नाटकचं स्टेट स्कॉलरशिप पोर्टल. तू कुठल्या प्रवर्गात येतेस ते पत्रात नाही. मराठा असशील तर महाराष्ट्रात काय चाललंय ते बाजूला ठेव, कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३ब गटात आहे. मागासवर्गीय कल्याण खात्याच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर राहणं-जेवण दोन्ही मोफत, म्हणजे तुझ्या महिन्याचे चार हजारांवर वाचले. जागा मिळाली नाही तर त्याच खात्याची विद्यासिरी आहे, जेवण-राहण्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम, वर्षात दहा महिने. उत्पन्नाची मर्यादा आणि इतर अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाच, आणि जाहिरात कन्नडमध्ये आहे म्हणून सोडून देऊ नकोस. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला जवळ बसव, दहा मिनिटांचं काम आहे.

दोन ठिकाणी अर्ज अडकतात, ते सांगून ठेवते. एक, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर. तो पोर्टलवर घालावा लागतो, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एक नसेल तर तिथेच गाडी थांबते. आपल्याकडे शाळेत एक स्पेलिंग, रेशनला दुसरं, आधारला तिसरं, हे घरोघरी आहे. दुसरं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात. तू दिलेल्या पासबुकाच्या खात्यात येतील असं धरून बसू नकोस. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते विचारून घे.

मैत्रिणी युवानिधीचा अर्ज भर म्हणत असतील. ती पदवीनंतर नोकरी नसलेल्यांसाठी आहे, पुढे शिकत असलेल्यांना लागू नाही. खोटं लिहून पैसे घेऊ नकोस. खोलीला वेगळा मीटर असेल आणि लाइटचे पैसे भाड्यात धरले असतील, तर मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा अर्ज झालाय का ते मालकांना शांतपणे विचारा. भाडेकरूंनाही ती योजना आहे.

तुझ्या मागून येणाऱ्या बहिणींना मात्र हे आधीच सांग. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्या घेतल्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती बघायची. देशभरात १०,००० जणांना, महिन्याला १५,०००, वर्षात दहा महिने. तुझी ती वेळ गेली. पण तुझ्यापुढे सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा आहे. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली आणि संशोधनाला लागलीस तर महिन्याला ३७,०००. म्हणूनच म्हणते, दुपारचे सहा तास कापडाच्या दुकानाला देऊ नकोस. अभ्यासाला खोलीत जागा नसेल तर गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालापासूनचं. तिथे जाऊन बस.

आज रात्री भात लाव. येत्या रविवारी गावी जा, हिशेबाचा कागद बरोबर ने, येताना तांदूळ आणि घरचं तिखट आण. आणि सोमवारी बेळगावला परतण्याआधी नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन दाखल्यांचं काम करून ये. वडिलांचं रेशन कार्ड आणि दोघांच्या आधारच्या झेरॉक्स पिशवीत आधीच घालून ठेव, तिथे गेल्यावर झेरॉक्ससाठी पुन्हा रांग सोडावी लागते.

तुझी,
ताई